दुसऱ्याची माणसं फोडून धंदा पळवला तर दंड किती? कल्याणमध्ये २,४१० रुपये, डॅलसमध्ये ११ कोटी डॉलर

फोडाफोडी म्हटलं की आपल्याकडे आधी आमदार आठवतात. पण आमदारांच्या फोडाफोडीसाठी निदान पक्षांतरबंदी कायदा तरी आहे. धंद्यातल्या फोडाफोडीचं काय?

रत्नागिरीत हा विषय नवा नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ती उठायच्या आधीच मिरकरवाड्यातल्या बोटमालकांची माणसांसाठी धावपळ सुरू होते. तांडेल चांगला हवा, खलाशी पुरेसे हवेत. खलाशी बरेचदा नेपाळमधून येतात आणि त्यांना आधी ॲडव्हान्स द्यावा लागतो. मग ॲडव्हान्स एकाचा घेतला आणि बोट दुसऱ्याची धरली, अशी भांडणं होतात. आंब्याच्या बागांमध्ये राखणीला येणाऱ्या कामगारांबाबत तेच. लोटे-परशुरामच्या केमिकल कंपन्यांमध्ये अनुभवी ऑपरेटरला शेजारच्या गेटमधून जास्त पगाराचं बोलावणं येतं. क्लासमधले सर बाहेर पडतात आणि अख्खी बॅच त्यांच्यामागे जाते.

प्रत्येक वेळी मागे राहिलेला मालक एकच प्रश्न विचारतो. ‘माझी माणसं फोडून माझं गिऱ्हाईक नेलं, त्याच्याकडून पैसे वसूल होतील का? आणि फक्त माझं नुकसान नाही, अद्दल घडेल एवढे?’

या ‘अद्दल घडेल एवढ्या’ पैशाला कायद्यात दंडात्मक नुकसानभरपाई म्हणतात. साधी भरपाई तुमचं जेवढं बुडालं तेवढं भरून देते. दंडात्मक भरपाई त्याच्या वरची असते, समोरच्याला शिक्षा म्हणून. अमेरिकेत ती कोट्यवधी डॉलरमध्ये जाते. भारतात माणसं फोडल्याबद्दल ती मिळणं जवळपास अशक्य आहे. असं का, हे समजून घ्यायला आधी कल्याणला जावं लागेल.

कल्याणचा शिफ्ट सुपरवायझर

१९६० च्या दशकाची सुरुवात. कल्याणजवळ सेंच्युरी रेयॉनचा कारखाना. गाड्यांच्या टायरमध्ये ताकदीसाठी जो धागा घालतात, त्या टायर कॉर्डचं उत्पादन तिथं सुरू करायचं होतं. हे तंत्र तेव्हा भारतात दुर्मिळ होतं. कंपनीनं १९६१ मध्ये हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या कंपन्यांशी करार करून, परकीय चलनात पैसे मोजून ते मिळवलं. अट अशी की हे तंत्र गुप्त ठेवायचं आणि कर्मचाऱ्यांकडूनही तसं लिहून घ्यायचं.

या विभागात निरंजन शंकर गोलिकरी हे शिफ्ट सुपरवायझर म्हणून मार्च १९६३ मध्ये रुजू झाले. करार पाच वर्षांचा. पाच वर्षांत नोकरी सोडली तर उरलेल्या मुदतीत दुसरीकडे असंच काम करायचं नाही, आणि सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम भरायची, असं त्यात होतं. कंपनीनं त्यांना नऊ-दहा महिने प्रशिक्षण दिलं. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये ५६० रुपये महिना पगारावर गेले. तो पगार आधीपेक्षा जास्त होता. राजस्थान रेयॉनसुद्धा टायर कॉर्डच बनवत होती.

सेंच्युरीनं दावा लावला. तो मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी १९६७ मध्ये निकाल लागला. सेंच्युरी जिंकली. करारातली अट वाजवी आहे, ती नोकरीच्या मुदतीपुरतीच आहे आणि फक्त टायर कॉर्डच्या कामापुरती आहे, असं कोर्टानं म्हटलं. गोलिकरींना १५ मार्च १९६८ पर्यंत दुसरीकडे ते काम करायला मनाई झाली.

आणि पैसे? २,४१० रुपये. करारात लिहिलेला सहा महिन्यांचा पगार, बस.

परदेशातून विकत आणलेलं तंत्र, त्यावर उभा राहिलेला अख्खा विभाग आणि प्रतिस्पर्ध्याकडे गेलेला प्रशिक्षित माणूस. या सगळ्याचा रुपयातला हिशोब एवढाच झाला. शिवाय खटला कर्मचाऱ्यावर चालला आणि रक्कमही त्याच्याकडून मागितली गेली. ज्या कंपनीनं त्याला जास्त पगार देऊन घेतलं, तिच्या खिशाला या निकालानं हात लावला नाही.

लॉ कॉलेजमध्ये हा खटला आजही शिकवतात, कारण नोकरी चालू असताना घातलेलं बंधन आणि नोकरी संपल्यावर घातलेलं बंधन यातली रेघ त्यानं आखली. पण मला त्यातला २,४१० चा आकडाच जास्त बोलका वाटतो.

रक्कम एवढी कमी का?

कारण भारताचा करार कायदा शिक्षा करत नाही, भरपाई देतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ७३ म्हणतं की करार मोडल्यामुळे सरळसरळ जे नुकसान झालं तेवढं मिळेल. दूरचं, अंदाजाचं मिळणार नाही. कलम ७४ म्हणतं की करारात आधीच रक्कम लिहिली असेल तर ती कमाल मर्यादा. कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढं देईल. म्हणजे तुम्ही बाँडमध्ये ‘सोडून गेल्यास ५० लाख’ असं लिहून घेतलंत तरी ५० लाख मिळतीलच असं नाही. तो आकडा फक्त धाक दाखवायला टाकला असेल, तर कोर्ट तो खाली आणतं.

त्यात आणखी एक कलम आहे, २७ वं. कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा नोकरी करण्यापासून रोखणारा करार त्या प्रमाणात रद्दबातल, असं ते सांगतं. अपवाद एकच लिहिलाय, धंदा त्याच्या नावलौकिकासकट विकला असेल तर.

या कलमाचा सुरुवातीचा गाजलेला खटला १८७४ चा, कलकत्त्याचा. एकाच भागात तांब्या-पितळेची भांडी विकणारे दोन दुकानदार. एक दुसऱ्याला म्हणाला, तू इथला धंदा बंद कर, तू कामगारांना दिलेला ९०० रुपयांचा ॲडव्हान्स मी तुला देतो. समोरच्यानं दुकान बंद केलं, पैसे मात्र मिळाले नाहीत. कोर्टात गेल्यावर त्याला सांगण्यात आलं की धंदा बंद ठेवण्याचा करारच मुळात रद्दबातल आहे, त्यामुळे त्याचे पैसेही मागता येणार नाहीत. कामगारांचे ॲडव्हान्स तेव्हाही असे भांडणाच्या मधोमध होते.

हे कलम २७ आलं कुठून, हेही मजेशीर आहे. ते घेतलंय न्यूयॉर्कसाठी डेव्हिड डडली फील्ड यांनी तयार केलेल्या कायद्याच्या मसुद्यातून. न्यूयॉर्कनं तो मसुदा स्वीकारला नाही, पण कॅलिफोर्नियानं घेतला. त्यामुळे सिलिकॉन व्हॅलीतला इंजिनिअर सोमवारी एका कंपनीतून निघून मंगळवारी समोरच्या कंपनीत बसू शकतो, ते ज्या नियमामुळे, त्याच नियमाचं भावंड रत्नागिरीच्या ऑपरेटरलाही लागू आहे.

मग फोडणाऱ्यावर काहीच नाही का?

आहे. पण त्याची गोष्ट लंडनच्या ऑपेरापासून सुरू होते.

१८५२ मध्ये योहाना वाग्नर ही जर्मन गायिका लंडनला आली. संगीतकार रिचर्ड वाग्नर यांची ही पुतणी. बेंजामिन लम्ले यांच्या थिएटरशी तिचा करार झाला होता. प्रतिस्पर्धी थिएटरच्या फ्रेडरिक गाय यांनी जास्त पैसे देऊ करून तिला आपल्याकडे ओढलं. लम्लेंनी तिला गाय यांच्याकडे गाण्यापासून रोखणारा हुकूम मिळवला आणि शिवाय थेट गाय यांच्यावरही दावा लावला. १८५३ मध्ये इंग्लंडच्या कोर्टानं मान्य केलं की दुसऱ्याचा करार चालू आहे हे माहीत असताना तो मोडायला लावणं हा फोडणाऱ्याचाही स्वतंत्र दोष आहे, त्याच्याकडून भरपाई मागता येते.

तत्त्व जिंकलं, पण लम्लेंना पैसे मिळाले नाहीत. प्रत्यक्ष सुनावणीत ज्युरीला वाटलं की गाय यांचा खरोखरच समज होता की तो करार बंधनकारक नाही.

ही वाट भारतातही आहे, पण तिच्यावर काटे खूप. ‘करार चालू असताना’ ही अट सगळ्यात मोठी. माणसानं रीतसर नोटीस दिली, नोटीस पिरियड भरला आणि मग गेला, तर मोडला कुठला करार? जास्त पगार देऊ करणं हा गुन्हा नाही.

१९९९ मध्ये पेप्सी फूड्सनं कोका-कोलाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नेमकी हीच तक्रार नेली होती, आमची माणसं ठरवून फोडली जातायत. कोर्टानं मनाई हुकूम द्यायला नकार दिला. चांगल्या अटींसाठी नोकरी बदलण्याचं स्वातंत्र्य हा कर्मचाऱ्याचा महत्त्वाचा हक्क आहे आणि तो कापला तर परिस्थिती वेठबिगारीसारखी होईल, असा त्या निकालाचा सूर होता.

२०१९ मध्ये मोदीकेअर या डायरेक्ट सेलिंग कंपनीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालय त्याहून पुढं गेलं. माजी अधिकारी प्रतिस्पर्ध्याकडे गेले आणि आमच्या लोकांना तिकडे ओढतायत, म्हणून नुकसानभरपाई द्या, अशी मागणी होती. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की जे बंधन करारात लिहिलं असतं तरी कलम २७ नं रद्द झालं असतं, तेच बंधन भरपाईच्या दाव्याच्या मागच्या दारानं आत आणता येणार नाही.

या सगळ्यात विप्रोचं २००६ चं प्रकरण वेगळं आहे. बेकमन कूल्टर या परदेशी कंपनीची उपकरणं विप्रो भारतात बरीच वर्षं विकत होती. दोघांच्या करारात लिहिलं होतं की संबंध संपल्यावर दोन वर्षं एकमेकांच्या माणसांना बोलवायचं नाही. बेकमननं स्वतःचा धंदा उभा करताना जाहिरात दिली, विप्रोची माणसं गेली. दिल्ली उच्च न्यायालयानं इथं सांगितलं की ही अट कर्मचाऱ्यावर नाही, कंपनीवर आहे. कर्मचारी कुठंही जाऊ शकतो, फक्त बेकमननं त्यांना बोलवायचं नाही. म्हणून ही अट कलम २७ मध्ये अडकत नाही. गेलेली माणसं परत आणता येणार नाहीत, पण त्याबद्दल पैशात भरपाई मागता येईल आणि पुढं असं करायचं नाही.

माझ्या मते छोट्या धंदेवाल्यानं लक्षात ठेवावं असं प्रकरण हेच आहे. कामगाराला बांधू नका, ज्याच्याबरोबर धंदा करताय त्या कंपनीला बांधा.

अमेरिकेत मात्र ११ कोटी डॉलर

आता मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसकडे येऊ. २०१८ मध्ये टीसीएसला अमेरिकेतल्या ट्रान्सअमेरिका या विमा कंपनीचं दहा वर्षांचं, दोनशे कोटी डॉलरहून मोठं काम मिळालं. त्याचा भाग म्हणून ट्रान्सअमेरिकेचे सुमारे २,२०० कर्मचारी टीसीएसमध्ये आले. हे कर्मचारी आधीपासून कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन म्हणजे सीएससी या कंपनीचं विमा सॉफ्टवेअर वापरत होते. सीएससी म्हणजे टीसीएसची प्रतिस्पर्धी. सीएससीचा आरोप असा की या लोकांमार्फत टीसीएसला आमच्या सॉफ्टवेअरची आतली माहिती मिळाली आणि ती स्वतःचं विमा सॉफ्टवेअर बनवायला वापरली. टीसीएसनं आरोप नाकारले.

२०१९ मध्ये डॅलसच्या फेडरल कोर्टात दावा लागला. जून २०२४ मध्ये न्यायाधीशांनी आदेश दिला. भरपाई सुमारे ५.६१ कोटी डॉलर, दंड म्हणून सुमारे ११.२३ कोटी डॉलर, वर व्याज. एकूण १९.४२ कोटी डॉलर. नुसता दंडच तेव्हाच्या दरानं ९०० कोटी रुपयांच्या वर जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलातही ही रक्कम कायम राहिली.

दंड बरोबर भरपाईच्या दुप्पट आहे, हे दिसलं ना? तो योगायोग नाही. अमेरिकेत २०१६ पासून व्यापारी गुपितांसाठी फेडरल कायदा आहे आणि मुद्दाम, वाईट हेतूनं गुपित चोरलं असेल तर भरपाईच्या जास्तीत जास्त दुप्पट दंड करता येतो. कोर्टानं ती कमाल मर्यादाच लावली.

पण इथं एक गोष्ट नीट पाहायला हवी. त्या २,२०० लोकांना घेतल्याबद्दल टीसीएसला दंड झालेला नाही. ते तर रीतसर कराराचा भाग म्हणून आले होते. दंड झाला तो त्यांच्या लॅपटॉपमधून काय आलं आणि त्याचं काय केलं, याबद्दल. सोशल मीडियावर ‘भारतीय कंपनीनं माणसं पळवली म्हणून दंड’ अशा ज्या पोस्ट फिरतात, त्या अर्धवट आहेत.

पुण्या-मुंबईतून मोठं काम चालवणाऱ्या सिंटेलचा अनुभव तर उलटाच. २०१५ मध्ये सिंटेलच कोर्टात गेली होती, कॉग्निझंट आणि तिच्या ट्रायझेटोनं आमची माणसं फोडली म्हणून. ट्रायझेटोनं उलट दावा लावला की सिंटेलनंच आमची गुपितं वापरली. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीनं सिंटेललाच सुमारे ८५.५ कोटी डॉलर भरायला सांगितलं. त्यात तब्बल ५७ कोटी दंडाचे. न्यायाधीशांनी दंड निम्मा केला, २०२३ मध्ये वरच्या कोर्टानं मूळ भरपाईचा हिशोबच चुकीचा ठरवून तो रद्द केला. तक्रार घेऊन गेलेली कंपनी काही वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, ते वेगळंच.

अमेरिकेतले मोठे आकडे असे बरेचदा वर जाऊन आकसतात. टीसीएसविरुद्धच्या एपिक सिस्टिम्सच्या दुसऱ्या खटल्यात ज्युरीनं २०१६ मध्ये ९४ कोटी डॉलर दिले होते, शेवटी राहिले २८ कोटी, १४ भरपाईचे आणि १४ दंडाचे. बातमी मात्र ९४ चीच लक्षात राहते.

भारतात दंडात्मक भरपाई अजिबातच नाही?

असं नाही. १९६४ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं रूक्स विरुद्ध बर्नार्ड या खटल्यात ती कधी द्यायची याचे प्रकार ठरवून दिले. (हाही खटला नोकरीचाच होता. युनियन सोडली म्हणून विमान कंपनीवर दबाव आणून एका ड्राफ्ट्समनला कामावरून काढायला लावलं होतं.) त्यातला एक प्रकार आपल्या विषयाला चपखल बसतो. समोरच्यानं आधीच हिशोब केला असेल की ‘पकडलो गेलो तरी भरपाई देऊन नफा उरतोच’, तर त्याचा तो हिशोब चुकवण्यासाठी दंड करावा.

भारतीय कोर्टांनी हे तत्त्व घेतलं, पण वापरलं ते प्रामुख्यानं बदनामी, ट्रेडमार्क, कॉपीराइट अशा प्रकरणांत. २००५ मध्ये ‘टाइम’ मासिकाची नक्कल करणाऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयानं ५ लाख भरपाई आणि वर ५ लाख दंड केला. त्यानंतर असे आदेश वाढले. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं लगाम लावला. साध्या भरपाईनं पुरेशी अद्दल घडत नाही असं दिसलं तरच दंडाकडे वळा, सरसकट देऊ नका, असं बजावलं.

करार मोडण्याच्या प्रकरणात तर हा दरवाजा जवळपास बंदच आहे. आणि माणसं फोडण्याचं प्रकरण बहुतेक वेळा करारापासूनच सुरू होतं.

समजा, आंब्याचा सीझन आहे

समजा रत्नागिरीत एक आंबा पॅकहाउस आहे. मॅनेजर दहा वर्षं जुना. वाशीचे व्यापारी, दुबईचे गिऱ्हाईक, कुणाला कुठला दर, कुणाचे पैसे उशिरा येतात, सगळं त्याला माहीत. फेब्रुवारीत, पेट्या सुरू व्हायच्या तोंडावर, शेजारचा पॅकहाउसवाला त्याला आणि ग्रेडिंगच्या सहा बायकांना घेऊन जातो. एप्रिलपर्यंत निम्मी गिऱ्हाइकं तिकडे.

मालक वकिलाकडे जाईल तेव्हा वकील विचारेल, नोटीस न देता गेले का? म्हणजे करार मोडला का? शेजाऱ्यानं ते माहीत असून मोडायला लावला याचा पुरावा काय? व्हॉट्सॲप मेसेज आहेत का? आणि मुख्य म्हणजे मॅनेजर काय घेऊन गेला? डोक्यात होतं ते, की पेन ड्राइव्हमध्ये होतं ते?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गिऱ्हाइकांशी असलेली ओळख, कामाचं कसब हे माणसाचं स्वतःचं असतं. २००६ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेनं नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या ग्राहकांकडे जाण्यापासून रोखायचा प्रयत्न केला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं साथ दिली नाही. ग्राहकांची नावं-पत्ते माहीत असणं म्हणजे त्यांच्यावर मालकी नव्हे. पण त्याच न्यायालयानं १९९५ मध्ये बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या प्रकरणात टपालानं माल विकणाऱ्या कंपनीची ग्राहकयादी उचलणाऱ्या माजी कर्मचाऱ्याला रोखलं होतं, कारण पैसे आणि मेहनत घालून तयार केलेल्या त्या डेटाबेसवर कॉपीराइट होता.

फाइल कॉपी झाली असेल तर आणखी एक रस्ता आहे, जो फार कमी लोकांना माहीत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधला डेटा काढून घेतला तर भरपाई मागता येते. ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे दिवाणी कोर्टात नाही, राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतात. बेइमानीनं केलं असेल तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हा दंड सरकारजमा होतो, मालकाच्या खिशात येत नाही.

दिवाणी दाव्यात मालकाला बुडालेला नफा हिशोबाच्या वह्यांनी सिद्ध करावा लागेल. आणि आपल्याकडे बऱ्याच व्यवहारांची नोंद वहीत नसतेच. रोखीत झालेला धंदा बुडाला, हे कोर्टाला दाखवणार कसं? शिवाय आंबा मे महिन्यात संपतो, दावा संपत नाही. त्यामुळे वकील बहुधा भरपाईपेक्षा सुरुवातीलाच तात्पुरता मनाई हुकूम मिळवण्यावर भर देईल.

इथं मालकाची बाजू खरोखर लंगडी पडते, हे कबूल करायला हवं. ठरवून, सीझनच्या तोंडावर, अख्खी टीम उचलणं आणि एका माणसानं चांगल्या पगारासाठी नोकरी बदलणं, यात फरक आहे. पहिल्यात फोडणाऱ्यानं तोच हिशोब केलेला असतो, की निकाल लागेपर्यंत आपण दहा सीझन कमावू. रूक्स खटल्यातला दंडाचा विचार इथं लागू व्हायला हवा असं मला वाटतं. पण तो फोडणाऱ्या धंद्याला लागावा, ग्रेडिंग करणाऱ्या बाईला नाही.

आणि ज्यांनी बाँडवर सही केलीय ते?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विजया बँक प्रकरणातला निकाल आला आणि ‘आता नोकरी सोडता येणार नाही’ अशा रील्स फिरल्या. प्रकरण असं होतं. बँकेत अधिकारी म्हणून लागताना तीन वर्षं राहण्याचा आणि आधी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याचा बाँड होता. अधिकाऱ्यानं २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, पैसे निषेध नोंदवून भरले आणि कोर्टात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात बँक जिंकली. कारण सरकारी बँकेला भरतीची लांब आणि खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, त्या मानानं २ लाख अवाजवी नाहीत, आणि बाँड त्याला दुसरीकडे जाण्यापासून रोखत नव्हता. पैसे भरा आणि जा, एवढंच.

नोकरी संपल्यानंतरची बंधनं मात्र आजही टिकत नाहीत. श्रीरामपूरच्या झहीर खानचं उदाहरण घ्या. पर्सेप्ट डी मार्क या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार २००३ मध्ये संपला. करार संपल्यावरही दुसऱ्या कुणाशी जाण्याआधी आम्हाला विचार, अशी अट होती. तो ग्लोबोस्पोर्टकडे गेला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही अट करार संपल्यानंतर चालणार नाही, असं सांगितलं.

खलाशांचा आणि बागेतल्या कामगारांचा मुद्दा सगळ्यात नाजूक. इंग्रजांच्या १८५९ च्या कायद्यात ॲडव्हान्स घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेट कामावर परत पाठवू शकत असे, ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. तो कायदा रद्द करायला १९२५ साल उजाडलं. आज ॲडव्हान्स परत मागता येतो, दिवाणी दावा लावता येतो. पण पैसे फिटेपर्यंत माणसाला अडवून ठेवणं, त्याची कागदपत्रं काढून घेणं, जबरदस्तीनं बोटीवर चढवणं हे १९७६ च्या वेठबिगार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतं. त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे.

मालकांनी आपसात ‘तू माझी माणसं घेऊ नकोस, मी तुझी घेणार नाही’ असं ठरवणं हा काहींना सोपा उपाय वाटतो. ॲपल, गुगल, इंटेल आणि अॅडोबीनं गुपचूप तेच केलं होतं. कर्मचाऱ्यांनी खटला भरला आणि २०१५ मध्ये या चार कंपन्यांना ४१.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवावा लागला. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यातही स्पर्धा मारणाऱ्या करारांना मनाई करणारं कलम ३ आहे.

तसं पाहिलं तर मराठी करमणुकीचा इतिहास फुटून निघालेल्यांनीच घडवलाय. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. १९२९ मध्ये व्ही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून निघाले आणि कोल्हापुरात प्रभात सुरू झाली. मागे राहिलेल्यांना ते बोचलंच असणार.

पुढं काय?

टीसीएसला ज्या प्रकारच्या कायद्यानं दंड झाला, तसा व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. कोर्टं करार कायदा, कॉपीराइट आणि जुन्या इंग्रजी निकालांचा आधार घेत काम चालवतात. मार्च २०२४ मध्ये विधी आयोगानं आपल्या २८९ व्या अहवालात असा कायदा करावा असं सुचवलं आणि विधेयकाचा मसुदाही जोडला. माणसाचा अनुभव आणि कसब हे गुपित धरायचं नाही, हा फरक तिथंही पाळलाय. हे विधेयक संसदेत जाईल तेव्हा रेषा कुठं ओढली जाते ते पाहायला हवं. ती थोडी जरी सरकली, तर लोट्यातल्या ऑपरेटरनं स्वतःच्या वहीत उतरवून घेतलेलं तापमान आणि प्रेशर त्याचं स्वतःचं की कंपनीचं, हे तिथं ठरणार आहे.